फेसलेली मोहरी

फेसलेली मोहरी : मोहरीचे दाणे थोड्या पाण्याबरोबर वाटून, हलके होईपर्यंत घोटून तयार केलेले, नाकाला झोंबणारे मिश्रण. त्यात चिंच किंवा लिंबू, गूळ, मीठ आणि तेल वा दही मिसळले म्हणजे कच्च्या अथवा उकडलेल्या भाज्यांवर घालण्यास योग्य असे आंबटगोड कालवण सिद्ध होते. मोहरीस राई असेही नाव असून ‘रायते’ या शब्दाचे मूळ या नावात मानले जाते. पाश्चात्त्य देशांत सॅलडवर घालण्याचे मोहरी, मध, शिरका व तेल यांचे जे मिश्रण प्रचलित आहे, त्याचे व या कालवणाचे तत्त्व एकच होय.

प्रकार व प्रसार : मराठी घरांत लाल भोपळ्याचे भरीत, काकडीची कोशिंबीर, कैरीची लोणची यांत मोहरी फेसून घालण्याची पद्धत जुनी आहे. गोव्यात व कोकणात पिकलेले आंबे किंवा अंबाडे, ओले खोबरे, गूळ व मोहरी यांचे ‘सासव’ करतात. बंगालमध्ये आंबवलेल्या मोहरीची ‘कासुंदी’ प्रसिद्ध आहे. फ्रान्समधील दीझाँ या शहराची मोहरी शिरक्याऐवजी कच्च्या द्राक्षांच्या आंबट रसाच्या उपयोगामुळे नावारूपास आली. आंबट पदार्थ प्रदेशागणिक बदलतो. मोहरी, पाणी व आंबट यांची सांगड मात्र सर्वत्र आढळते.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत कच्च्या पालेभाजीच्या ‘घोळाण्या’ची चाल आहे. मेथी, करडईची कोवळी पाने, कांद्याची पात इ. चिरून त्यांत दाण्याचे कूट, तिखट, मीठ व कच्चे तेल कालवतात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. या भागात तेलासाठी पूर्वापार करडईचे पीक घेतले जाई. रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी पेरल्या म्हणजे जनावरांपासून पिकाचे रक्षणही होई. सोयाबीनच्या प्रसारानंतर करडईचे क्षेत्र पुष्कळच घटले. परभणी येथील कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972) ‘शारदा’, ‘परभणी कुसुम’ यांसारखे करडईचे सुधारित वाण दिले आहेत. घाणीच्या करडई तेलास स्वतःचा सौम्य, खमंग वास असतो. तो फेसलेल्या मोहरीस झाकून टाकत नाही. म्हणून घोळाण्यासाठी वा कोशिंबिरीसाठी कालवण करताना ते विशेष सोयीचे पडते.

तिखटपणाचे कारण : अखंड मोहरीस वास नसतो आणि ती कोरडी चावली असता प्रथम किंचित कडवट लागते. तिच्या दाण्यात सिनिग्रिन हे गंधकयुक्त संयुग व मायरोसिनेज हे एंझाइम वेगवेगळ्या कोशिकांत साठविलेले असतात. दाणा फुटून त्यास पाणी मिळाले म्हणजे या दोहोंचा संयोग घडतो आणि अॅलिल आयसोथायोसायनेट हे बाष्पनशील द्रव्य निर्माण होते. नाकात चढणारा झणका या द्रव्याचा होय. आपल्याकडील बारीक, काळपट वा तपकिरी मोहरीत सिनिग्रिन असते. पाश्चात्त्य देशांतील पांढऱ्या मोहरीत सिनाल्बिन हे निराळे संयुग असून त्यापासून होणारे द्रव्य फारसे उडून जात नाही. त्यामुळे ती मोहरी जिभेला झोंबते, नाकाला नाही.

या क्रियेवरून कृतीचा क्रम ठरतो. एंझाइम उष्णतेने निकामी होते. म्हणून उकळते पाणी घातल्यास मोहरी चढत नाही, आणि फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागली तरी झणझणीत लागत नाही. आम्लानेही एंझाइमाचे कार्य मंदावते. चिंच, लिंबू किंवा दही आरंभीच घालून मोहरी वाटली, तर ती सौम्य व काहीशी कडवट राहते. उलट, तिखटपणा एकदा पुरता उतरल्यावर आम्ल घातले असता तोच तिखटपणा अधिक काळ टिकतो, कारण नुसत्या पाण्यात हे द्रव्य लवकर विघटित होते. सारांश, आधी थंड पाणी, मग थोडा वेळ थांबणे आणि शेवटी आंबट हा क्रम पाळावा. मोहरी ‘चढल्यावर’च तीत आंबट घालण्याच्या घरगुती शिरस्त्यास असा रासायनिक आधार आहे.

कृती : सु. अर्धा किग्रॅ. भाजीस पुरेल इतक्या कालवणास मोहरी 15 ग्रॅ., थंड पाणी 30 मिलि., चिंचेचा दाट कोळ 30 मिलि., चिरलेला गूळ 25 ग्रॅ., करडईचे तेल 60 मिलि., मीठ 3 ग्रॅ. आणि चिमूटभर हळद एवढे साहित्य लागते. मोहरी निवडून खलात कोरडीच भरड कुटावी. पाणी थोडेथोडे घालीत ती वाटावी व घोटावी. मिश्रण फिकट व हलके होऊन वास नाकात भरू लागला म्हणजे झाकून 10 ते 15 मिनिटे ठेवावे. तोवर गूळ चिंचेच्या कोळात विरघळवून गाळून घ्यावा. हा कोळ, मीठ व हळद मोहरीत मिसळावी. नंतर एका हाताने तेलाची बारीक धार धरून दुसऱ्या हाताने रवीने सतत घुसळावे.

तेल व पाणी स्वभावतः एकत्र राहत नाहीत. मोहरीच्या टरफलातील चिकट द्रव्ये व दाण्यातील प्रथिने तेलाच्या बारीक थेंबांभोवती राहून त्यांना पुन्हा एकवटू देत नाहीत. गुळामुळे मिश्रण दाट होऊन या कार्यास साहाय्य होते. तेल एकदम ओतल्यास थेंब मोठे राहतात आणि कालवण फुटते. फुटलेले कालवण चमचाभर नव्या फेसलेल्या मोहरीवर थोडेथोडे घालून घुसळले असता बहुधा पुन्हा जुळून येते. चव पाहताना गूळ आंबटापेक्षा किंचित पुढे असावा. भाजीचे पाणी सुटल्यावर गोडी व आंबटपणा दोन्ही उतरतात. पालेभाजीवर कालवण वाढण्याच्या वेळीच घालावे, अन्यथा मिठामुळे पाने मऊ पडतात. उकडलेला भोपळा, गाजर, बीट यांना मात्र ते आधी लावून ठेवल्यास मुरते.

मोहरीची निवड : या पदार्थात मोहरी कच्चीच खाल्ली जात असल्याने ती शुद्ध असणे अगत्याचे आहे. पडीक जमिनीत व शेतांच्या बांधांवर उगवणाऱ्या पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखे दिसते आणि काढणीच्या वेळी किंवा भेसळ म्हणून तीत मिसळते. त्यातील सँग्विनारीन या विषामुळे पायांवर सूज येणे, दम लागणे, हृदयाचे कार्य बिघडणे व दृष्टीस अपाय होणे अशी लक्षणे उद्भवतात. शिजवल्याने वा तळल्याने या विषाचा धोका टळतो असे समजू नये. 1998 मध्ये दिल्लीत अशा भेसळीच्या मोहरी तेलामुळे या विकाराची मोठी साथ उद्भवून हजारो लोक आजारी पडले व सु. 60 जण दगावले. मोहरीचा दाणा गुळगुळीत व गोल असून दाबून फोडल्यास आत पिवळा दिसतो. धोत्र्याचे बी अधिक काळे, खरबरीत असून आत पांढरे असते. पांढऱ्या ताटात मूठभर मोहरी पसरून पाहिली असता हा भेद साध्या डोळ्यांनी कळतो. सुटी मोहरी घेताना ही परीक्षा टाळू नये. संशय आल्यास ती मोहरी वापरू नये.

साठवण : कालवण काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ठेवावे, आम्लामुळे पितळ व तांब्याच्या भांड्यांत ते कळकते. शीतकपाटात ते चार-पाच दिवस चांगले राहते, परंतु झणका दिवसागणिक कमी होतो. दही घातलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे. करडईच्या तेलात लिनोलीइक अम्लाचे प्रमाण मोठे असल्याने ते हवेने लवकर खवट होते. घाणीचे तेल थोडेथोडे आणून अंधाऱ्या जागी झाकून ठेवणे इष्ट असते. गुळाऐवजी मध वापरल्यास ते कालवण एक वर्षाच्या आतील मुलास देऊ नये. काही व्यक्तींना मोहरीची अधिहर्षता असते. त्यांनी ती अल्प प्रमाणातही टाळावी.