छातीत दुखणे म्हणजे दरवेळी पित्त नव्हे

छातीत जळजळले की ओवा किंवा सोडा घेऊन आपण स्वस्थ बसतो. पण दरवेळी ते पित्त नसते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत चरबीचा थर साचतो. तो फुटला की तिथे रक्ताची गुठळी होते, वाट बंद होते आणि हृदयाचा स्नायू मरू लागतो. हाच हार्ट अटॅक. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल ही त्याची मुख्य कारणे.

छातीवर ओझे, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम ही लक्षणे आपल्याला ठाऊक असतात. स्त्रियांना व मधुमेहींना मात्र कधी कधी फक्त धाप, मळमळ, पाठदुखी किंवा थकवा जाणवतो. ‘काही नाही, दमलेय,’ असे अम्मी म्हणते आणि आपण ते मान्य करतो.

असे अचानक झाले तर रुग्णाला चालवू नये. १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावे. पहिला ईसीजी ठीक आला तरी त्रास थांबेपर्यंत डॉक्टरांना सोडू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर होईल, तितके हृदय वाचते. अम्मीचे ‘काही नाही’ डॉक्टरांना ठरवू द्यावे.