गुलाबाच्या बागेतील अवजारे : नाम आणि निवड

अवजाराचे नाव पुष्कळदा त्याच्या क्रियेवरून किंवा आकारावरून पडलेले असते. ‘कात्री’ ही संस्कृत ‘कर्तरी’ची वंशज असून तिच्या मुळाशी कापणे या अर्थाचा ‘कृत्’ हा धातू आहे. ‘करवत’ ‘करपत्रा’पासून आली. ‘खुरपे’ ज्या ‘क्षुरप्र’ शब्दापासून आले, तो महाभारतात वस्तऱ्यासारख्या धारेच्या बाणाचे नाव म्हणून भेटतो. रणांगणावरील बाण तणाच्या मुळाशी येऊन बसला, तरी पातळ धारेची कल्पना मात्र शब्दाने सोडलेली नाही. जेथे भाषेने दोन क्रियांतील भेद दोन नावांनी नोंदवला आहे, तेथे अवजाराची निवड सुकर होते. जेथे दोन क्रियांना एकच नाव आहे, तेथे घेणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो, आणि गुलाबाच्या बागेत त्या फसगतीची किंमत झाडाला मोजावी लागते. छाटणीच्या कात्रीची गोष्ट नेमकी अशीच आहे.

या कात्रीला माळीवर्गात ‘सिकेटर’ म्हणतात. शब्द मूळ फ्रेंच. त्याच्या मागे कापणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. या अवजाराच्या शोधाचे श्रेय सामान्यतः सोळाव्या लुईचा नौकामंत्री बर्त्राँ द मोलव्हील याला दिले जाते. काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. शब्द मराठीत सहज रुळला, परंतु तो दोन भिन्न अवजारांवर सारखाच लावला जातो. एका प्रकारात धारदार वक्र पाते दुसऱ्या, आकडीसारख्या जाड पात्याच्या अंगाला घासून पुढे जाते. दुसऱ्या प्रकारात एकच सरळ पाते खालच्या सपाट पट्टीवर येऊन टेकते. इंग्रजीत या दोहोंना स्वतंत्र नावे आहेत. मराठीत ती घडवण्यासाठी फार दूर जावयास नको. पहिली ‘कातरजातीची’ आणि दुसरी ‘अडकित्ताजातीची’ असे म्हटले, तर पानाचा डबा पाहिलेल्या कोणालाही भेद तत्काळ कळेल. ‘अडकित्ता’ शब्दाचे कन्नड ‘अडके’शी, म्हणजे सुपारीशी असलेले नाते उघड आहे, आणि सुपारीसारख्या कठीण, निर्जीव पदार्थासाठीच त्याची रचना झालेली आहे.

गुलाबाची हिरवी फांदी सुपारी नव्हे. तिच्या सालीखाली वाढीचा एक पातळ, कोवळा थर असतो आणि जखम भरून येते ती त्याच्याच बळावर. पाते पट्टीवर दाबले गेले की पट्टीकडील साल चेंगरते; चेंगरलेला भाग सुकतो, त्यातून बुरशीचा शिरकाव होतो आणि फांदी शेंड्याकडून खाली वाळत जाते. पश्चिम महाराष्ट्रात गुलाबाची मुख्य छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात होते. बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या सुमारे अर्धा सेंटिमीटर वर तिरपा काप घ्यावा आणि त्यावर बोर्डो मलम लावावे, हा परिपाठ सर्वपरिचित आहे. मलमासाठी मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो आणि पाणी 10 लिटर असे प्रमाण घेतात. तथापि, मलम स्वच्छ जखमेचे रक्षण करते. चेंगरलेली साल ते पूर्ववत करू शकत नाही. म्हणून जिवंत लाकडासाठी कातरजातीचेच सिकेटर घ्यावे. तेही हाती धरताना धारेचे पाते झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि आकडी टाकून द्यावयाच्या तुकड्याकडे ठेवावी, कारण आकडीच्या बाजूस थोडा तरी दाब पडतोच. अडकित्ताजातीचे अवजार सर्वथा त्याज्य मात्र नाही. पूर्ण वाळलेली काष्ठे तोडण्यास ते उत्तम, आणि मनगटाला श्रमही कमी.

फांदी अंगठ्याहून जाड झाली की सिकेटरशी झुंजू नये. तेथे लांब दांड्यांची कात्री, आणि बुंध्यालगतच्या जुन्या लाकडासाठी अरुंद पात्याची करवत हवी. करवतीच्या कापाची खरबरीत कड नंतर चाकूने तासावी लागते.

चाकूचे खरे क्षेत्र अर्थात वेगळे आहे. ‘कलम’ या अरबी शब्दाचा अर्थ बोरूची लेखणी. फारसीमार्गे तो वनस्पतीच्या कापलेल्या फांदीलाही लागला. बोरू आणि फांदी, दोन्ही तिरकस आणि एका झटक्यात कापावयाच्या, हे साम्य लक्षणीय आहे. मराठी माळी कलम ‘बांधतो’, पण डोळा ‘भरतो’. या क्रियापदांतच अवजाराची दिशा आहे. डोळा भरावयाचा तर खुंटाच्या सालीत इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा छेद घेऊन, साल न फाडता, अलगद उचलावी लागते. यासाठी एका टोकास तीक्ष्ण पाते आणि दुसऱ्या टोकास हाडासारखी बोथट जीभ असलेला चाकूच लागतो. घरगुती चाकूने साल फाटते. पुढे खुंटावरून जे फुटवे येतात, त्यांच्यासाठी मात्र अवजार नकोच. कापल्यास ते पुन्हा जोमाने फुटतात. माती बाजूस सारून उगमापाशी हातानेच ओरबाडून काढावेत.

मातीच्या कामात भाषेने भेद आधीच राखला आहे. ‘खुरपणे’ आणि ‘खणणे’ यांची गल्लत कोणी करीत नाही, पण कुदळ आणि खुरपे यांची करतात. गुलाबाची अन्न शोषणारी बारीक मुळे बरीचशी वरच्या थरात असतात, तेव्हा आळ्यात खुरपेच चालवावे. कुदळ नवा खड्डा खणण्यापुरती. (कुदळीचा मोह मोठा असतो. पाली जातककथांतील कुद्दालपंडिताला तिच्यापायी सहा वेळा संन्यास सोडून परतावे लागले, आणि अखेर ती नदीत फेकून द्यावी लागली.) झारीविषयी इतकेच, की पाणी आळ्यात पडावे. पाने फार वेळ ओली राहिली की काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला आमंत्रणच मिळते.

सिकेटर विकत घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पात्याला उतार एकाच बाजूने असतो. निसण्यावर धार लावावयाची ती त्याच बाजूने, सपाट बाजू घासल्यास दोन पात्यांत फट पडते. दुकानातच एखादी कोवळी काडी कापून पाहावी. सालीचा दोरा लोंबत राहिला, तर मधला खिळा सैल आहे किंवा धार बसलेली आहे. खिळ्याऐवजी पेचाचा बोल्ट असलेले अवजार घ्यावे, कारण ते घट्ट करता येते आणि उघडून पुसताही येते. एका रोगट झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाते स्पिरिटने पुसावे लागते, आणि रोगाचे अंश साचतात ते बहुधा याच सांध्यात.