आधी मैदान दाखवा

दास्तान फाट्यावरून उरणच्या दिशेला लागलं की दोन्ही अंगांना कंटेनरची चळत दिसू लागते. ट्रेलरच्या रांगा, गोदामांची पत्र्याची छपरं, उड्डाणपूल, आणि त्यांच्यामध्ये जासई. शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतू शेजारच्या चिर्ल्यापाशी जमिनीला टेकतो. न्हावा-शेवा बंदर १९८९ पासून हाकेच्या अंतरावर आहे. एके काळी इथे भाताची खाचरं आणि मिठागरं होती, हे नव्या माणसाला सांगावंच लागतं.

जासई म्हटलं की रायगडच्या माणसाला पहिल्यांदा आठवतं ते १९८४ साल. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. कागदावर कारण एकच, सार्वजनिक प्रयोजन. मोबदला तुटपुंजा होता. जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे प्रकल्पग्रस्तांना विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मिळाला, तो या लढ्याच्या पुण्याईने.

फुटबॉलवरच्या लेखात हे सगळं कशाला, असं कुणी विचारील. कारण असं की नव्या मुंबईत जी मैदानं आहेत आणि जी अजून नकाशातच आहेत, त्यांच्याखाली बहुतेक ठिकाणी कुणाचं तरी खाचर आहे, नाहीतर कुठल्या तरी गावाचं गुरचरण. शेतकऱ्याने जमीन दिली ती शहरासाठी. शहरात शाळा येते, दवाखाना येतो, तसं मैदानही येतं. म्हणूनच मैदानाचा भूखंड विकायला निघाला की तो एकट्या खेळाडूचा प्रश्न राहत नाही.

उरण-पनवेल पट्ट्याचे घरचे खेळ म्हणजे कबड्डी आणि क्रिकेट. फुटबॉलचं वेड इथे आलं ते नेरूळमार्गे. तिथलं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मध्ये सुरू झालं ते क्रिकेटसाठी, आणि पहिल्या आयपीएलचा अंतिम सामनाही तिथेच झाला. हफीज काँट्रॅक्टर यांनी आखलेल्या या स्टेडियमचं छत प्रेक्षकांच्या डोक्यावर पुढे झेपावलेलं आहे, त्याला मधे कुठेही खांब नाही. कुठल्याही खुर्चीवरून मैदानाचे चारही कोपरे दिसतात. कॉर्नर घेणारा खेळाडू चेंडू ठेवून दोन पावलं मागे सरतो, हे अगदी वरच्या रांगेतूनही टिपता येतं. फुटबॉल बघणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

१८ ऑक्टोबर २०१४ ला मुंबई सिटी एफसी इथे आपला पहिला घरचा सामना खेळली आणि पुण्याचा ५-० असा धुव्वा उडवला. आंद्रे मोरित्झने हॅटट्रिक केली. पनवेल, बेलापूर, खारघरच्या पोरांना पहिल्यांदाच आपल्या उंबऱ्याशी एक संघ मिळाला. दोन हंगाम हे सुख टिकलं. २०१६ मध्ये संघ अंधेरीच्या क्रीडा संकुलात गेला. अंधेरीचं मैदान नेरूळच्या मानाने फारच लहान, पण ते फुटबॉलला सोयीचं होतं आणि क्लब तिथे रमला. पंचाईत झाली ती खाडीपलीकडच्या चाहत्यांची. सामना रात्री सुटायचा, आणि तिथून पुढे हार्बरची लोकल आणि पनवेलहून गावाकडची गाडी. जासईच्या बाजूने जाणारी उरण लोकल सुरू झाली जानेवारी २०२४ मध्ये. ती नेरूळला थेट नेते. पण ती आली तेव्हा नेरूळचा संघ अंधेरीला जाऊन सात वर्षं उलटली होती.

मोठे सामने मात्र नेरूळला येत राहिले. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना, २०२२ च्या फेब्रुवारीत महिला आशिया चषकाचा अंतिम सामना, ज्यात चीनने दोन गोलची पिछाडी भरून काढत दक्षिण कोरियाला ३-२ असं हरवलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत. खारघरमध्ये सिडकोने फुटबॉलचं केंद्र उभारायला घेतलं, मोठ्या स्टेडियमची योजनाही जाहीर केली. पण पाहुण्यांचे सामने घडवणं वेगळं आणि गावातल्या पोराला रोज संध्याकाळी खेळायला जागा असणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीची कसोटी लागली ती घणसोलीत.

घणसोलीच्या सेक्टर १२ आणि १२ अ मध्ये सुमारे २० एकर जमीन शासकीय क्रीडा संकुलासाठी ठेवलेली होती. २००३ पासून हा विषय कागदावर होता. वर्षं गेली, संकुल काही उभं राहिलं नाही. मधल्या काळात या जमिनीचा भाव कुठल्या कुठे गेला, आणि २०१६ मध्ये सिडकोने तिचा मोठा हिस्सा निवासी आणि व्यापारी बांधकामासाठी खासगी विकासकाला दिला. मग २०२१ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की संकुल घणसोलीत नकोच, ते रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या नाणोरे गावी हलवावं. घणसोली ते नाणोरे हे अंतर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. घणसोलीतल्या शाळकरी मुलीने सरावाला माणगावला जायचं, असा याचा सरळ अर्थ होतो. माणगावलाही संकुल हवंच, त्याबद्दल दुमत नाही. पण ते घणसोलीच्या ऐवजी का?

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या नवी मुंबई केंद्राने याविरुद्ध जनहित याचिका केली. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थलांतराचा निर्णय रद्द ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानेही मुंबई-नवी मुंबईसारख्या शहरांत मोकळ्या जागा थोड्याच उरल्या आहेत, त्या मुलांना खेळायला राहू द्या, अशा शब्दांत आपलं मत बोलून दाखवलं. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मैदानासाठी कोर्टाची पायरी चढले ते वास्तुविशारद. नकाशा वाचता येणारी माणसं वेळेवर उभी राहिली, म्हणून हा प्रश्न न्यायालयापुढे तरी आला. नाहीतर भूखंडाचं श्रीखंड व्हायला वेळ लागत नाही.

जुनं मैदान विकून नवं बांधायचं, हा हिशेब जगात नवा नाही. इंग्लंडमधले कितीतरी क्लब यातून गेले आहेत. जुनं मैदान शंभर वर्षांपूर्वी गावाच्या वेशीवर घेतलेलं असतं. गाव वाढून शहर होतं आणि मैदान मधोमध येतं. त्या जागेवर घरं किंवा दुकानं बांधायची परवानगी मिळाली की तिची किंमत अनेक पटींनी वाढते. त्या पैशात बाहेर कुठेतरी स्वस्त जमीन घेऊन मोठं स्टेडियम बांधता येतं. हिशेब चोख आहे. अडतं ते क्रमावर. परवानगी लांबते, गिऱ्हाईक मागे फिरतं, भाव कोसळतो, आणि चाहते वर्षानुवर्षं नकाशाकडे बघत बसतात.

हे गणित सर्वांत वाईट फिसकटलं ते ब्रायटनमध्ये. तिथला क्लब १९०२ पासून गोल्डस्टोन मैदानावर खेळत होता. क्लबच्या जुन्या घटनेत एक कलम होतं, की क्लब गुंडाळला गेलाच तर मालमत्तेतून उरलेला पैसा भागधारकांच्या खिशात जाणार नाही. नव्वदीच्या दशकात नव्या मालकांच्या कारभारात ते कलम गुपचूप गळलं. १९९५ मध्ये मैदान विकासकाला विकल्याचं बाहेर आलं, आणि नव्या मैदानाचा तर पत्ताच नव्हता. चाहते चवताळले. एप्रिल १९९६ मध्ये ते मैदानात घुसले, गोलपोस्ट मोडले, सामना थांबला. फेब्रुवारी १९९७ मध्ये देशभरातल्या इतर क्लबांचे चाहते आपापले शर्ट घालून ब्रायटनच्या पाठीशी त्याच मैदानात येऊन उभे राहिले. तरी २६ एप्रिल १९९७ ला गोल्डस्टोनवर शेवटचा सामना झालाच. मग तिथे दुकानांची ओळ उठली.

पुढचे दोन हंगाम ब्रायटनचा संघ ‘घरचे’ सामने सुमारे ११० किलोमीटरवरच्या जिलिंगहॅमला खेळला. घणसोली-नाणोरेची आठवण व्हावी असंच हे अंतर. त्यानंतर बारा वर्षं धावपटूंच्या एका छोट्या मैदानावर तात्पुरत्या बाकांची सोय करून सामने झाले. तिथे बहुतेक बाकांवर छप्पर नव्हतं, पाऊस आला की प्रेक्षक भिजत बसायचे. स्वतःचं स्टेडियम मिळालं ते २०११ मध्ये. एका चुकीच्या क्रमाची किंमत चौदा वर्षं. त्या वर्षांत क्लब टिकला तो पत्रकं वाटणाऱ्या, सभा घेणाऱ्या, नगरपालिकेच्या दारात बसणाऱ्या सामान्य चाहत्यांमुळे.

उलट लंडनच्या आर्सेनलने २००६ मध्ये हायबरी सोडलं तेव्हा थोड्याच अंतरावर नवं स्टेडियम तयार होतं. हायबरीच्या जागी घरं झाली, पण आधी चाहत्याच्या पायाखाली नवी जमीन आली. एव्हर्टनने २०२५ मध्ये गोदीकाठचं नवं स्टेडियम गाठलं, तेव्हा १८९२ पासूनचं गुडिसन पार्क जमीनदोस्त केलं नाही, ते महिला संघाकडे दिलं. जमीन विकणं हे पाप नाही. आधी विकून मग शोधायला निघणं, हे पाप आहे.

आणि फार लांब कशाला जा? कोल्हापूरचं शाहू स्टेडियम ऐन शहरात आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे सामने असले की पेठेतला माणूस चालत येतो आणि सामना संपल्यावर चालतच घरी जातो. कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल टिकला, त्याचं निम्मं श्रेय मी या चालत जाण्याला देतो. मैदान शंभर किलोमीटरवर नेऊन हे वेड लागत नाही.

जासई, उरण, पनवेलच्या पट्ट्यात आता विमानतळ आला, सेतू आला, लोकल आली. जमिनीचे भाव आणखी चढतील आणि आरक्षणं बदलण्याचे प्रस्तावही येतील. महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यात अशा फेरबदलाआधी जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात छापून येते. गावातल्या मंडळांनी, शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी, मुंबई सिटीचा झेंडा घेऊन अंधेरीला जाणाऱ्या पोरांनी ती शोधून वाचावी. आपल्या गावठाणालगत खेळासाठी कोणता भूखंड ठेवला आहे, त्याचा सेक्टर आणि क्रमांक आजच लिहून ठेवावा. आणि तो हलवायची भाषा सुरू झाली, की पर्यायी मैदान कुठे आहे, तयार आहे का, एवढंच विचारणारी लेखी हरकत मुदतीत द्यावी, आणि तिची पोच घ्यावी.