कूलरच्या आधी छप्पर पाहा

मालेगावच्या यंत्रमाग शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी कारागिराचा हात मंदावतो. तापलेला पत्रा आग ओकत असतो. मालक पंखे वाढवतात. पण पंखा तीच गरम हवा फिरवतो, वाढते ते वीजबिल.

खरा इलाज छपरावर आहे. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, गंजका पत्रा शोषून घेतो. मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा 1300 हून अधिक मृत्यू झाले. तेथील महापालिकेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला, पुढे छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. स्लॅबला चुना पुरतो. पत्र्यावर तो लवकर सुटतो, तेथे पांढरा रंगच द्यावा. धूळ बसली की गुण जातो, म्हणून छप्पर धूत राहावे.

मालेगावच्या कोरड्या हवेत वाळ्याची ओली ताटीही कामाची. सुती धाग्याला ओलावा मानवतो, तो कमी तुटतो. हा फायदा वेगळाच. मात्र पाणी मोटारीपासून लांब ठेवा. भिवंडीकरांना ताटीचा उपयोग थोडा, कारण दमट हवेत पाणी फारसे उडत नाही. त्यांनी छपराच्या माथ्याशी गरम हवेला वाट करून द्यावी.

रंगकाम मार्चमध्येच उरकावे. मे महिन्यात त्या पत्र्यावर पाय ठरत नाही.