जॅकेट घातलंत का?

शेजाऱ्यांच्या मुलाने थायलंडच्या सहलीचे फोटो पाठवले होते. निळंशार पाणी, त्यात उभे ठाकलेले चुनखडीचे कडे, बेटं आणि होडीत हसणारं त्याचं कुटुंब. आमची लेक म्हणाली, "आई, आपण कधी गं?" मी म्हटलं, "आपली कोयना आहे की!"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सांगलीहून निघालो. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला उतरलो, तर समोर कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरलेला. इथले कडे काळ्या पाषाणाचे. पण पाण्यातून वर आलेल्या हिरव्या टेकड्या बेटांसारख्याच दिसतात. मुलं तर हरखूनच गेली.

होडीत लाइफ जॅकेटं होती, पण बाकाखाली कोंबलेली. "पाणी शांत आहे, कशाला हवीत?" नावाडी म्हणाला. ह्यांनीही त्याचीच री ओढली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नऊवारीवर हे कसलं ध्यान दिसेल!"

माझ्या डोळ्यांसमोर मात्र ब्रह्मनाळ आलं. पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची होडी उलटली. जास्त माणसं बसली होती. बुडालेल्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. पूर ओसरल्यावर मी मदतीचं सामान घेऊन तिकडे गेले होते. तिथल्या बायकांशी काय बोलावं, तेच सुचेना. नदीकाठी जन्म गेला तरी आपल्यातल्या कितीजणींना पोहता येतं? त्यात भिजलेली साडी पायात अडकते, ते वेगळंच.

मी होडीत चढलेच नाही. "सगळ्यांनी घातल्याशिवाय निघायचं नाही," म्हटलं. चारचौघांत हे जरा वैतागले. तेवढ्यात लेकीने पुढे होऊन आज्जीला जॅकेट चढवलं आणि पट्टे आवळले. "आज्जी, आता तू शिपाईगडी दिसतेस!" सासूबाई खुदकन हसल्या. मग ह्यांनीही मुकाट्याने हात पुढे केला.

मध्यावर गेल्यावर नावाड्याने सांगितलं, "या पाण्याखाली गावं आहेत, ताई." धरणापायी घरदार सोडून उठून गेलेल्यांची गावं. सासूबाईंनी पाण्याला हात जोडले. परतताना वारा सुटला, होडी डुलायला लागली. ह्यांनी एका हाताने धाकट्याला धरलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या जॅकेटचा पट्टा चाचपून पाहिला. मी पाहिलं, पण बोलले काहीच नाही.

मैत्रिणींनो, सहलीला जरूर जा. पण होडीत पाय ठेवण्याआधी किती माणसं बसवायची परवानगी आहे, ते विचारा. जॅकेटचे पट्टे तुटलेले नाहीत ना, ते बघा. मुलांना त्यांच्या मापाचंच द्या; मोठं जॅकेट पाण्यात अंगातून निसटतं. होडीत उभं राहून फोटो काढू नका. वारं सुटलं असेल, तर सरळ सहल पुढे ढकला.

आमच्या घरात आता तो फोटो लावलाय. नऊवारीवर भगवं जॅकेट घातलेल्या सासूबाई. आल्यागेल्याला त्याच कौतुकाने दाखवतात.