दुसऱ्या कानाची साक्ष
ध्वनिपुस्तकांसाठी स्वयंसेवकांचे स्थानिक मेळावे

पोथी लावण्याची आपली परंपरा जुनी आहे. चातुर्मासात देवळाच्या ओवरीत एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि वाचणाऱ्याची ओळ चुकली तर श्रोत्यांपैकीच एखादा जाणता ती हलकेच सुधारतो. छापील पुस्तके घरोघरी पोहोचल्यावर वाचन ही एकट्याने करावयाची गोष्ट झाली. तथापि कानाने वाचणाऱ्यांचा वर्ग कधीच संपला नाही. दृष्टिहीन विद्यार्थी, नजर मंदावलेले ज्येष्ठ नागरिक, आजारपणामुळे हाती पुस्तक धरू न शकणारी मंडळी या सर्वांना ध्वनिपुस्तक हाच आधार असतो. अशी पुस्तके स्वयंसेवकांनी एकत्र येऊन कशी तयार करावीत, याचा विचार म्हैसूर शहराच्या संदर्भात येथे केला आहे.

आवाजाची परंपरा

ब्रिटनमध्ये दृष्टिहीनांसाठी ‘बोलक्या पुस्तकां’ची सेवा १९३५ साली सुरू झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी १० सप्टेंबर रोजी म्हैसूरमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरातून एक खासगी रेडिओ केंद्र सुरू केले. त्याचे नाव ‘आकाशवाणी’. पुढे हेच नाव देशाच्या रेडिओने स्वीकारले. घरातील खोलीतून निघालेला आवाज अनोळखी श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्याचा प्रयोग या शहराला असा नवा नाही.

२००५ साली कॅनडातील माँट्रियल येथे ह्यू मॅकग्वायर यांनी ‘लिब्रिव्हॉक्स’ हा उपक्रम सुरू केला. स्वामित्व हक्काची मुदत संपलेल्या पुस्तकांची प्रकरणे जगभरातील स्वयंसेवक वाटून घेतात आणि ध्वनिमुद्रित करून सर्वांसाठी विनामूल्य खुली करतात. आपल्याकडे बंगळूर येथे १९९० पासून कार्यरत असलेली ‘मित्र ज्योती’ ही संस्था दृष्टिबाधितांसाठी बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय चालवते.

नोंद एकाची, तपासणी दुसऱ्याची

ध्वनिमुद्रण घरी बसून एकट्याने करता येते, मग एकत्र कशासाठी यावे, असा प्रश्न साहजिक आहे. बँकेतील प्रत्येक कर्मचाऱ्यास त्याचे उत्तर ठाऊक आहे. एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासून अधिकृत करावी, हा बँक व्यवहाराचा पायाच आहे. कितीही अनुभवी असला तरी कोणी स्वतःचे व्हाउचर स्वतः मंजूर करत नाही.

ध्वनिपुस्तकाच्या बाबतीत हा नियम अधिकच महत्त्वाचा ठरतो. छापील पुस्तकात पान उलटे बांधले गेले किंवा शब्द सुटला, तर डोळस वाचकास ते दिसते. कानाने वाचणाऱ्यास गाळलेली ओळ कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. वाक्य अर्थपूर्ण लागले, की तो ते खरे मानून पुढे जातो. दृष्टिहीन विद्यार्थी त्याच पुस्तकावर परीक्षा देणार असेल, तर वाचताना सुटलेला एक ‘नाही’ त्याच्या उत्तराचा अर्थ फिरवू शकतो. वाचणाऱ्यास स्वतःची चूक सहसा ऐकू येत नाही, कारण मनात मूळ मजकूर पक्का असतो. म्हणून पुस्तक हाती धरून ऐकणारा दुसरा कान आवश्यक आहे आणि तो मिळवून देणे हेच मेळाव्याचे खरे प्रयोजन होय.

श्रमाचा ताळेबंद

दोनशे पानांचे पुस्तक घेतले आणि प्रत्येक पानावर सुमारे २५० शब्द धरले, तर एकूण ५०,००० शब्द होतात. मिनिटाला ११० शब्द या निवांत गतीने ते वाचण्यास साधारण साडेसात तास लागतील. परंतु पूर्वतयारी, चुकलेल्या वाक्यांचे पुनर्वाचन, काटछाट आणि तपासणी धरून तयार ध्वनीच्या प्रत्येक तासामागे चार तासांचे श्रम गृहीत धरावेत. म्हणजे एका पुस्तकास तीस तास. दर रविवारी एक तास देणाऱ्या एकट्या माणसास सात महिने लागतील आणि तोवर उत्साह टिकेलच, असे नाही. तेच काम दहाजणांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्यास केवळ तीन तास येतात. आवर्ती ठेवीप्रमाणे हप्ता लहान असावा, पण चुकू नये.

पुस्तकाची निवड आणि कायदा

कोणते पुस्तक घ्यावे, हा पहिल्या बैठकीतील पहिला विषय असावा. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्व हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांचे साहित्य मुक्त आहे. ‘श्यामची आई’ची प्रकरणे ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी योजलेली असल्याने अनेकांनी वाटून वाचण्यास हे पुस्तक विशेष सोयीचे आहे. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी या दोघांचेही निधन १९१९ सालचे. त्यांचे साहित्यही खुले आहे.

म्हैसूरच्या संदर्भात आणखी एक नाव आठवते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे हस्तलिखित येथेच आर. शामशास्त्री यांच्या हाती आले आणि त्यांनी १९०९ साली ते प्रसिद्ध केले. त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतरही आता मुक्त आहे. याउलट, म्हैसूरमध्येच वास्तव्य केलेल्या कुवेंपूंच्या साहित्यावरील हक्क २०५४ अखेरपर्यंत आणि आर. के. नारायण यांच्या साहित्यावरील हक्क २०६१ अखेरपर्यंत राहील. वि. स. खांडेकरांच्या कादंबऱ्यांसाठीही २०३६ संपेपर्यंत थांबावे लागेल.

मात्र केवळ दिव्यांगांसाठी काम करावयाचे असल्यास मार्ग निराळा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या दिव्यांगांकरिता हक्क असलेल्या पुस्तकाचीही सुलभ प्रत नफ्याविना तयार करता येते. ती प्रत त्यांच्याच हाती राहील आणि सर्वसाधारण बाजारात जाणार नाही, याची दक्षता घेणे बंधनकारक आहे. त्यामुळे पाठ्यपुस्तके किंवा अलीकडची पुस्तके घ्यावयाची असल्यास दृष्टिबाधितांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेशी जोडून घ्यावे. ‘सर्वांसाठी खुले’ की ‘केवळ दिव्यांगांसाठी’, हे आरंभीच ठरवून नोंदवहीत लिहून ठेवणे हिताचे.

मेळाव्याची आखणी

१ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँकांना सुटी असते. बँक कर्मचाऱ्यांचा सहभाग असलेल्या गटास यांपैकी एक शनिवार कायमचा ठरवून घेता येईल. सकाळी दहा ते एक ही वेळ पुरेशी आहे. जागा निवडताना प्रशस्तपणापेक्षा शांतता पाहावी. रहदारीच्या रस्त्यापासून आत असलेले घर सभागृहापेक्षा बरे. दोन खोल्या असल्यास एकीत ध्वनिमुद्रण आणि दुसरीत तपासणी, अशी विभागणी करता येते. दसऱ्याच्या दहा दिवसांत म्हैसूर गजबजलेले असते. तेव्हा ध्वनिमुद्रण बंद ठेवून कानाला हेडफोन लावून तपासणीचे काम उरकावे.

पहिल्या अर्ध्या तासात सर्वांनी एकच परिच्छेद वाचून दाखवावा, म्हणजे गती आणि स्वर यांचा मेळ बसतो. त्यानंतर जोड्या कराव्यात: एक वाचक, एक श्रोता, पुढच्या प्रकरणास भूमिका बदलाव्यात. ज्यांना स्वतःचा आवाज वाचनास योग्य वाटत नाही, त्यांनी श्रोत्याचे काम घ्यावे. ते दुय्यम नाही. शक्य असल्यास दृष्टिबाधित व्यक्तीस आरंभापासून गटात घ्यावे. प्रकरण, वाचक, श्रोता, तारीख आणि सद्यःस्थिती असे रकाने असलेली एक नोंदवही ठेवावी. श्रोत्याची सही झाल्याखेरीज प्रकरण पूर्ण झाले, असे मानू नये.

उच्चार आणि तंत्र

म्हैसूरमध्ये १९६५ सालापासून वाचा व श्रवण यांवर काम करणारी अखिल भारतीय संस्था आहे आणि १९६९ पासून केंद्रीय भारतीय भाषा संस्थाही आहे. भाषा आणि उच्चार यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास होणाऱ्या या शहरात मराठी वाचकांनीही उच्चारांबाबत दक्ष असावे. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’, ‘जन’ आणि ‘जागा’, ‘झेंडा’ आणि ‘झरा’ या जोड्यांत अक्षर एकच, पण उच्चार भिन्न. कन्नड वातावरणात वाढलेल्या मराठी मुलांचा येथे घोटाळा होऊ शकतो. शंकास्पद शब्द, व्यक्तिनामे आणि आकडे यांची यादी करून त्यांचे उच्चार आधी एकमताने ठरवावेत.

साधने मोजकीच लागतात: एक बरा मायक्रोफोन, संगणक आणि ‘ऑडॅसिटी’सारखी विनामूल्य संगणकप्रणाली. पंखा बंद करावा, भ्रमणध्वनी दूर ठेवावा, भिंतीवर गोधडी किंवा जाड चादर टांगावी म्हणजे आवाज घुमत नाही. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूस असावा. चूक झाल्यास थांबून एक टाळी वाजवावी आणि ते वाक्य आरंभापासून वाचावे. पडद्यावरील आलेखात टाळीचा उंच सुळका दिसतो आणि दुरुस्तीची जागा तत्काळ सापडते.

बँक परिवाराचा वाटा

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ जुलै २०१४ पासून बसवली जाणारी सर्व नवी एटीएम बोलकी आणि ब्रेल कळफलक असलेली असणे अपेक्षित आहे. दृष्टिहीन ग्राहकास स्वतःचे पैसे स्वतः काढता यावेत, हा त्यामागील हेतू. खात्यातील शिल्लक जशी त्याची स्वतःची, तसेच ग्रंथांतील ज्ञानही. यंत्र आकडे बिनचूक उच्चारू शकते. कथेतील विराम आणि कवितेतील श्वास मात्र अजूनही माणसाच्या आवाजातच अधिक खुलतो.

आरंभ करण्यासाठी दहाजणांचीही वाट पाहण्याचे कारण नाही. चारजण, एक शांत खोली, मुदत संपलेले एक लहान पुस्तक आणि एक नोंदवही एवढ्यावर पहिला शनिवार पार पडू शकतो. निवृत्त कर्मचाऱ्यांनी आणि वाचनाची आवड असलेल्या ग्राहकांनी आपापल्या परिसरात असे गट उभारल्यास वर्षाला दोन-तीन पुस्तके सहज तयार होतील. मग त्या पुस्तकाचा श्रोता कोणत्याही गावी असो, आपण ऐकतो आहोत ते मुळाबरहुकूम आहे, असा विश्वास त्याला बाळगता येईल.