नभोवाणीचे जाळे आणि ऐकणारे गाव

धाडसारख्या गावात नभोवाणी कोठून येते, असे कोणी विचारले तर बहुतेक जण 'आकाशातून' असे उत्तर देतील. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आकाशातून येण्यापूर्वी तो आवाज जमिनीवरच्या एखाद्या मनोऱ्यावरून निघालेला असतो. तो मनोरा कोणी तरी उभारलेला असतो आणि त्याच्या विजेचा खर्च कोणी तरी सोसलेला असतो. हा खर्च कोणाचा, हे पाहिल्याखेरीज प्रसारणाचे जाळे म्हणजे काय ते समजावयाचे नाही. म्हणून आपण तेथूनच आरंभ करू.

आपल्या देशात नियमित प्रसारण सुरू केले ते एका खासगी कंपनीने. 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' असे तिचे नाव. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तिच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच महिन्यात कलकत्ता केंद्र निघाले. दोन्ही प्रक्षेपक दीड किलोवॅटचे. त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येई तो सुमारे तीस मैलांपर्यंत, आणि मुंबईपासून धाड सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांहून दूर! रेडिओ बाळगण्यास वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागे व त्या पैशातील वाटा हेच कंपनीचे मुख्य उत्पन्न होते. परंतु देशभरात परवान्यांचा आकडा दहा हजारांवरही पोहोचला नाही. श्रोते वाढल्याशिवाय नवी केंद्रे काढता येईनात, आणि केंद्रे वाढल्याशिवाय श्रोते मिळेनात. या पेचात कंपनी 1930 साली बुडाली आणि 1 एप्रिल 1930 पासून सरकारने प्रसारण आपल्या हाती घेतले.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची. जे पैसे देतील त्यांच्यापुरताच मनोरा उभारावयाचा असे ठरले, तर तो शहरातच उभा राहील. दूरच्या खेड्यापर्यंत आवाज न्यावयाचा तर त्या खेड्याचा खर्च सर्वांनी मिळून उचलला पाहिजे. टपालाच्या कार्डाला जवळ काय नि लांब काय, एकच दर पडतो. त्याच न्यायाचे हे काम आहे.

1936 साली या सरकारी सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. तरीही स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला तिची सहाच केंद्रे आली, आणि त्यांपैकी मराठी मुलखात होते ते एकटे मुंबईचे. नागपूर केंद्र निघाले 16 जुलै 1948 रोजी. त्या वेळी धाड मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, तर पलीकडचे भोकरदन अजून निजामाच्या राज्यात होते. माणसाला आणि मालाला सरहद्द होती. लहरींना नाका नव्हता. पुढे 1953 साली पुण्याला, आणि त्यानंतरच्या काळात जळगाव, औरंगाबाद, परभणी, अकोला येथे केंद्रे झाली. यांपैकी जळगाव आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाणारे औरंगाबाद, ही दोन्ही धाडपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहेत.

मध्यमलहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, म्हणून जवळचे केंद्र चांगले लागते. रात्री त्या वातावरणाच्या उंच थरावरून परतून येतात, म्हणून दिवसा मुके असलेले दूरचे केंद्र रात्री बोलू लागते. एफएमचा आवाज अधिक निर्मळ खरा, पण तो बहुधा नजरेच्या टप्प्यात चालतो. मध्ये डोंगर आला की अडतो. एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्याने उचलून त्याच वेळी पुढे द्यावयाचा, यास सहक्षेपण म्हणतात. दिल्लीची बातमी जळगावच्या मनोऱ्यावरून ऐकू येते ती याच युक्तीने. जाळे म्हणावयाचे ते यालाच.

दूरचित्रवाणीही याच वाटेने आली. दिल्लीत 1959 साली, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी. 1975-76 साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांना चित्रे दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. पुढे छोटे प्रक्षेपक गावोगाव उभे राहिले, आणि नंतर थाळीच्या रूपाने उपग्रहच घराच्या पत्र्यावर आला. 1997 पासून आकाशवाणी व दूरदर्शन या दोन्ही संस्था प्रसार भारती या महामंडळाखाली आहेत.

आता मुख्य मुद्दा. आवाज गावात पोहोचला म्हणजे काम झाले काय? याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. 1956 साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापिली. आठवड्यातून दोनदा मंडळी एकत्र बसत, शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि शंका केंद्राला लिहून पाठवीत. पुढच्या कार्यक्रमांतून त्या शंकांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळांच्या गावांत ज्ञानाची वाढ ठळक दिसली. मंडळ नसलेल्या गावांत ती नगण्य ठरली. यंत्राने ज्ञान गावात आणले, पण ते गावात मुरले ते बसून बोलल्यामुळे.

आज प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र यंत्र आहे, आणि ऐकणे ज्याचे त्याचे झाले आहे. दुसरीकडे मनोऱ्यांचा हिशेब पुन्हा मांडला जात आहे. नागपूरजवळच्या एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून 1988 साली सुरू झालेली रात्रीची राष्ट्रीय प्रसारण सेवा 2019 साली बंद करण्यात आली. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने प्रक्षेपकही बहुतेक थांबले आहेत. काळाप्रमाणे साधने बदलावयाचीच. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र 'ऐकणारे कोणी उरले नाही' असे म्हणून जेव्हा एखादे केंद्र लहान केले जाते, तेव्हा ऐकणाऱ्यांनी आपण आहोत हे कधी कळविले होते काय, असा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

तूर पिवळी का पडली, पीकविम्याचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत करावयाचा, असले आपले प्रश्न केंद्राकडे पत्राने गेले, तर केंद्राला ते सांगावे लागतील. 2006 नंतर सामाजिक संस्थांना व कृषी विज्ञान केंद्रांनाही लहान सामुदायिक केंद्र काढण्याची मुभा मिळाली आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला असे केंद्र 2008 पासून चालले. तेवढा पल्ला लगेच गाठता आला नाही तरी हरकत नाही. व्याख्यान ऐकावयास जमणारी माणसे आठवड्यातून एक संध्याकाळ रेडिओभोवतीही जमू शकतात, आणि त्यास एका पोस्टकार्डापलीकडे खर्च येत नाही.